उलट्या आट्याचा स्क्रू

चावीचं घड्याळ हातात आलं की आधी डोळे मिटायचे. भिंग नाही, चिमटा नाही, झाकणाला हात नाही. अंगठा आणि तर्जनीत चावी धरायची, हळू फिरवायची आणि बोटाला काय कळतंय ते मोठ्यानं सांगायचं. मला हे अण्णांनी शिकवलं. "गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकून घे," ते म्हणायचे, "पण विश्वास बोटावर ठेव."

चावी फिरतच राहिली, कुठे अडलीच नाही, तर आतली कमान, म्हणजे घड्याळाला चालवणारी स्प्रिंग, तुटलेली असते, नाहीतर तिचं टोक आकड्यातून सुटलेलं. चावी सोडल्याबरोबर गर्रकन उलटी फिरली तर खटका गेला. म्हणजे आत भरलेली ताकद धरून ठेवणारं कुणी उरलं नाही. आणि दोन फेऱ्यांतच चावी घट्ट झाली, पण घड्याळ चालत नाही, तर चावीचा दोषच नाही. कमान गच्च भरलेली आहे, पुढे कुठेतरी घाण बसली आहे. अशी घड्याळं आणणारी माणसं चोरी केल्यासारखा चेहरा करून सांगतात, जास्त चावी दिली गेली हो, म्हणून बिघडलं. अण्णा वैतागायचे. "जास्त चावी बसतच नाही. भरलं की अडतं. पोट भरल्यावर तोंडात घास कोण कोंबतो?"

चौथा एक प्रकार आहे. चावी हलकी लागते, मध्येच घसरते आणि बोटाखाली दात दातावर घासल्यासारखं कर्र होतं. मी जे सांगणार आहे ते या चौथ्या प्रकाराबद्दल आहे.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सोडली. कारण सांगण्यासारखं काही नाही. फळ्यासमोर उभं केलं की घशाला कोरड पडायची, एवढंच. पुढे मिळेल ते काम करत एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर बेंगळुरूला आलो. मेट्रोचं काम चालू होतं. मनगटावर वडिलांचं घड्याळ होतं, ते बंद पडलं, आणि मल्लेश्वरममध्ये एका जिन्याखाली घड्याळांचं दुकान दिसलं म्हणून आत गेलो. दुकान कसलं, एक माणूस टेबलाशी बसेल आणि दुसरा त्याच्या पाठीला पाठ लावून, एवढी जागा. मी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायला लागलो. अण्णांनी भिंगातून वर बघितलं आणि म्हणाले, "मराठीत बोल की रे. बा, बस."

त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. नोकरी सरकारी घड्याळ कारखान्यात झालेली, निवृत्तीनंतर हे दुकान. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की शब्द कुठला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. 'बा' म्हणजे ये, 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी' म्हणजे बरं, 'नोड' म्हणजे बघ. मी पाच महिन्यांनी ऐकलेली पहिली मराठी ती. मी रोज जायला लागलो. एक दिवस त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "माती खणायचे हात नाहीत हे. उद्यापासून इथे बस." शिक्षण किती, दाखला आहे का, काही विचारलं नाही. आजही कुणी फॉर्म पुढे केला की माझ्या तळव्यांना घाम येतो, पण जिन्याखालच्या त्या टेबलाशी तो कधी आला नाही. माझ्या पोटात जे अन्न आहे ते अण्णांच्या बोटांतून आलेलं आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक स्क्रू दाखवला. चावी फिरली की आत एक छोटं चक्र फिरतं, ते कमानीच्या मोठ्या चक्राला फिरवतं, आणि कमान भरते. त्या छोट्या चक्रावर मधोमध हा स्क्रू. "जगातले सगळे स्क्रू डावीकडे फिरवले की सुटतात," अण्णा म्हणाले. "हा उजवीकडे सुटतो. याचे आटे उलटे. डावीकडे फिरवलास तर सुटण्याऐवजी आवळला जातो. अजून जोर केलास तर मान तुटते. सगळं विसर, हे विसरू नको." मग त्यांनी मला त्याच दिवशी आठ वेळा तो स्क्रू काढायला आणि लावायला लावला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. घड्याळ साफ करून झालं की कारागीर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण ओरखडतो आणि तारीख घालतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे कधी घड्याळ उघडणाऱ्यालाच कळतं की आधी इथे कोण येऊन गेलं. अण्णांची खूण म्हणजे चंद्रकोर आणि तिच्याखाली एक टिंब.

शेवटच्या तीन-चार वर्षांत अण्णा विसरायला लागले. हात शेवटपर्यंत थरथरला नाही, विसरायचे मात्र. चहा सांगून यायचे, पोऱ्या तो आणून ठेवायचा, आणि हे पुन्हा सांगायला निघायचे. मी हसण्यावारी नेत होतो. मग एका सकाळी त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं. त्यांनी उलट्या आट्याच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि मनगट डावीकडे वळलं. मनगट थांबलं. क्षणभर तसंच राहिलं, दार विसरलेल्या माणसासारखं. मग उजवीकडे वळलं आणि स्क्रू सुटला.

मी काही बोललो नाही. ज्यांनी मला उजवं-डावं शिकवलं त्यांना उजवं-डावं सांगू?

त्या दिवसापासून अण्णा दुपारी जेवायला घरी गेले की मी त्यांनी जोडलेलं प्रत्येक घड्याळ गुपचूप पुन्हा उघडायला लागलो. तो स्क्रू बघायचा, बाकीचे बघायचे, झाकण लावायचं, ते यायच्या आत भिंग जागेवर ठेवायचं. दीड वर्ष एकही घड्याळ माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलं नाही. फक्त चार दिवस सोडून. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मी गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा त्या चार दिवसांतली तीन घड्याळं गिऱ्हाइकांनी नेलेली होती. कुणाची, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कशाला विचारतोस, हेही सांगावं लागलं असतं.

काही महिने गेले. एका दुपारी एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, आपल्याच लोकांतल्या, जे. पी. नगरहून मेट्रोनं आलेल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक पुरुषी घड्याळ टेबलावर ठेवलं. काटे सातला दहा कमीवर थांबलेले.

"काटे हलवू नका," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं सांगा, हे मी मोडलं का?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. अण्णा माझ्या पाठीला पाठ लावून बसले होते, त्यांच्या टेबलाकडे तोंड करून.

"काय झालं काकू?"

त्यांनी सांगितलं ते असं. घड्याळ नवऱ्याचं. चाळीस वर्षं ते दुसऱ्या कुणाला चावी देऊ देत नसत. एका घड्याळाला एकच हात, म्हणायचे. दवाखान्यात भरती केलं तेव्हा मात्र घड्याळ काढून बाईंच्या हातात दिलं. सकाळी सातला, वीस फेरे, मोजून. बाई रोज मोजून वीस देत होत्या. अकराव्या दिवशी चावी देताना नर्सनं हाक मारली आणि मोजणी चुकली.

"चौदा झाले होते की सोळा, ते कळेना," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा पहिल्यापासून वीस द्यायला लागले. मध्येच कट्ट झालं. बोटात कळलं मला. मग चावी नुसतीच फिरायला लागली, कर्र कर्र. मी ह्यांना सांगितलं नाही. घड्याळ चालू होतं, म्हटलं असू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी बसलीच नाही, आणि संध्याकाळी साडेसहाला हे गेले. आणि सगळं आवरताना बघितलं तर हे पण थांबलेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढंसं काम दिलं होतं हो मला."

मी चावी हातात घेतली, पण डोळे मिटायच्या आधीच मागून अण्णांचा हात आला. "इकडे दे."

त्यांनी डोळे मिटले. दोन बोटांत चावी फिरवली. एकदा, दोनदा. कर्र. घड्याळ कानाशी नेऊन हळू हलवलं. आत काहीतरी कणाएवढं खुळखुळलं.

"कमान साबूत आहे," अण्णा म्हणाले. "खटकाही आहे. चावीच्या चक्राचा स्क्रू तुटलाय, चक्र उचललं जातंय. बाई, तुम्ही शंभर फेरे दिले असते तरी हा स्क्रू तुटला नसता. हा चावीनं तुटत नाही. हा उलट्या आट्याचा असतो, हे कुणी गाढव विसरलं आणि उलटा आवळला. मान तेव्हाच चिरली. तुमच्या हातात फक्त गळून पडली."

"पण थांबलं ते..."

"छत्तीस तास चालतं ते. आदल्या दिवशी सकाळी सातला भरलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला थांबणार. थोडं इकडे तिकडे. त्याला माणसाचं काही कळत नाही, बाई. उघड रे, दाखव त्यांना."

मी झाकण उघडलं.

चंद्रकोर आणि खाली टिंब. शेजारी तारीख. मी गावी होतो त्यातला दुसरा दिवस.

आजही कुठलंही झाकण उघडलं की मी त्या क्षणातच जातो. मी झाकण चटकन पालथं घातलं. स्क्रूचं डोकं सुटून कडेला पडलं होतं. भिंगाखाली धरलं. खाचेची कड उलट्या बाजूनं सोललेली, म्हणजे जोर डावीकडे लागला होता. तुटलेल्या मानेचा अर्धा भाग काळवंडलेला, तेल मुरलेला. उरलेला अर्धा नव्या मोडीसारखा लखलखीत. जुनी चीर आणि नवी मोड, इतकं स्वच्छ की लहान मुलालाही कळावं. मी बाईंना भिंग दिलं आणि दाखवलं. काळं ते आधीचं, काकू. चकचकीत तेवढंच तुमच्या हातचं.

बाई खूप वेळ बघत होत्या. भिंग डोळ्याला लावता येत नव्हतं, सारखं निसटत होतं.

"तुमच्याच दुकानात साफ केलं होतं," त्या हळू म्हणाल्या.

"आपल्याकडे?" अण्णा गर्रकन वळले. "आपल्याकडे असं कोण करणार? कोण ते गाढव?"

"मी, अण्णा," मी म्हणालो.

अण्णा बोलले ते मी इथे सगळं लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आठ वेळा काढायला लावला होता, एका बाईला महिनोन् महिने रडवलंस, लाज वाटत नाही का. शेवटी म्हणाले, "सगळं विसर, हे विसरू नको, म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं, अण्णा."

मी खाली मान घालून ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. शिव्या माझ्याच होत्या. त्या सकाळी त्यांचं मनगट डावीकडे वळलेलं बघून मी गप्प बसलो होतो. चीर तेव्हाच पडली होती.

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. मग रुमालाची घडी घातली. "असू द्या अण्णा. आता काटे हलवले तरी चालतील," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या मालातून तसाच स्क्रू शोधून बसवला. तुटलेला तुकडा भोकातून काढायला सकाळ गेली. झाकण लावणार तेवढ्यात मागून आवाज आला, "झाकण दे इकडे."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. अण्णांना भिंगाशिवाय जवळचं फारसं दिसत नव्हतं, पण त्यांनी भिंग मागितलंच नाही. अंगठ्याचं नख आतल्या बाजूवरून फिरवलं. एकदा गोल, मग खाली टिंबावर. तिथे नख थांबलं. मग झाकण माझ्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या टेबलाकडे वळले. त्या दिवसानंतर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही. दुकानात यायचे, हात मांडीवर ठेवून बसायचे, कुणी चावीचं घड्याळ आणलं तर डोळे मिटून सांगायचे, आणि उघडायला माझ्याकडे द्यायचे.

बाई घड्याळ न्यायला आल्या तेव्हा त्यांनी दुकानातच चावी दिली. ओठ हलत होते, मोजत होत्या. विसाला थांबल्या. अण्णा म्हणाले, "द्या अजून. भरलं की ते सांगतं." बाई फिरवत राहिल्या आणि तेवीस की चोवीसला चावी आपोआप अडली. "अडलं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

इथे थांबलं असतं तर बरं होतं.

अण्णांचं विसरणं पुढे वाढत गेलं. माझं गाव विसरले, कारखाना विसरले, एकदा जिना चढून वरच्या बिऱ्हाडाच्या दारात जाऊन उभे राहिले. पण चारच्या चहाला एक प्रश्न रोज यायचा.

"त्या बाईंचं घड्याळ झालं का रे?"

"झालं, अण्णा."

"त्यांना सांगितलंस ना, त्यांनी मोडलं नाही म्हणून?"

"सांगितलं."

मग, "कुणी मोडलं सांगितलंस?"

"मी, अण्णा."

ते माझ्याकडे बघत राहायचे. मग "सरी" म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे. मांडीवरचा अंगठा हळू डावीकडे वळायचा, थांबायचा, उजवीकडे वळायचा. दीड वर्ष, रोज चारला. मला अजून कळत नाही की ते विसरून विचारत होते, की आठवणीत ठेवून. मला रोज एक संधी देत होते का? मी एकदा तरी "तुम्ही, अण्णा" म्हणालो असतो, तर त्यांना विचारायचं थांबवता आलं असतं का? गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले. शेवटच्या चहालाही माझं उत्तर तेच होतं.

मागच्या महिन्यात बाई आल्या. घड्याळ चालू होतं, फक्त साफ करायचं होतं. मोकळ्या टेबलाकडे बघून त्यांनी विचारलं, "अण्णा?" मी सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या, आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही.

"काकू, तो स्क्रू मी तोडला नव्हता."

"माहीत आहे मला."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं.

"टाकायला आणि न्यायला, दोन्ही वेळा मीच आले होते ना. तुम्ही नव्हतातच. अण्णा म्हणाले होते, पोरगा आईकडे गेलाय, हा टेबलावरचा पसारा आणि चहा, दोन्ही माझ्याच गळ्यात आलंय."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'मी' म्हणालात तेव्हा तुमचा हात बघितला मी. झाकण पालथं दाबून धरलं होतं. म्हटलं, या माणसालाही एवढंसं काम दिलेलं दिसतंय कुणीतरी." त्यांनी रुमाल पिशवीत ठेवला. "मला माझं उत्तर मिळालं होतं हो. अजून काय हवं होतं?"

मी त्यांना चारच्या प्रश्नाबद्दल सांगितलं. त्यावर मात्र त्या इतकंच म्हणाल्या की घाई नाही, सावकाश करा.

घड्याळ काल उघडलं. झाकणात चंद्रकोर, टिंब, तारीख. तिच्याखाली माझी खूण, साधी दोन आडव्या रेघांची, आणि तिची तारीख. आता त्याखाली तिसरी येईल. अण्णांच्या खुणेची घड्याळं अजून येतात, दोन-तीन महिन्यांतून एखादं. त्या चार दिवसांतली दोन अजून आलेली नाहीत. कुणाच्या तरी मनगटावर आहेत, किंवा एखाद्या खणात थांबून पडली आहेत, आणि कुणीतरी स्वतःलाच दोष देत असेल की जास्त चावी दिली गेली. नवीन गिऱ्हाईक रुमाल सोडायला लागलं की मी आधी त्याचा चेहरा बघतो, मग घड्याळ.

चावी फिरवली. कमान भरली, चावी अडली. मग त्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला. तिथे हात थांबतोच.

"उजवीकडे," मी मोठ्यानं म्हणतो, पाठीमागे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि मग फिरवतो.